आमचं डुलणारं घर

रात्रीचे दोन. बाहेर धो धो पाऊस. आणि आई अंधारात पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली.

"अगं, मला परत चक्कर यायला लागली. सगळं हलतंय."

"आई, चक्कर नाहीये. खरंच हलतंय!"

झालं होतं एवढंच, की बाबा बाथरूमला जायला उठले होते. ते सहा पावलं चालले आणि त्या सहा पावलांनी आमचं अख्खं घर डुललं. कपाटातल्या ताटल्या किणकिणल्या, पडदे हलले, गॅसवरचं झाकण खुळखुळलं. बाबा परत येऊन आडवे झाले, तर पुन्हा एक गचका!

हे घर म्हणजे कॅम्पिंग ट्रेलर. सिनेमाआधी दाखवतात तो ट्रेलर नव्हे मंडळी! पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायचं, चाकांवरचं, बावीस फुटी घर. आत डबल बेड, छोटं किचन, फ्रीज, टॉयलेट, आणि जेवायचं टेबल पाडलं की आणखी एक पलंग. अमेरिकेत हे प्रकरण प्रचंड पॉप्युलर आहे. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाची तर ओळखच 'आरव्हीची राजधानी' अशी. आणि आम्ही राहतो त्या ओहायोत, जॅक्सन सेंटर नावाच्या गावात, ते प्रसिद्ध चंदेरी एअरस्ट्रीम ट्रेलर बनतात. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना नासाने जंतूंच्या भीतीने ज्या बंद डब्यात ठेवलं होतं, तोही मुळात एअरस्ट्रीमचाच ट्रेलर होता. चंद्रावर जाऊन आलेली माणसं! त्यांना डुगडुगण्याचं काय कौतुक असणार म्हणा.

आमच्या आईला मात्र होतं. आणि ते का, हे सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

खड्यांची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी पुण्यात आईला एकदा पहाटे कूस बदलताना जोरात गरगरलं. छत फिरायला लागलं, उलट्या झाल्या. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागेवरून सुटले की असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मान ठराविक पद्धतीने वळवायचा उपाय केला, काही व्यायाम शिकवले आणि त्रास थांबलाही. पण भीती थांबली नाही. झोपाळ्यावर बसणं बंद, लिफ्टमध्ये डोळे मिटून उभं राहणं, उशा दोन. बँकेच्या कॅश काउंटरवर तीस वर्षं ठामपणे बसलेली बाई, पण रस्ता ओलांडताना माझं कोपर पकडायची. अमेरिकेला यायचं तिकीट तिने दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्यांदा बाबांनी सरळ बॅगाच भरल्या.

तेव्हा ऑक्टोबरात आईबाबा कोलंबसला आले, पानं लाल-पिवळी झालेली, आणि मला काहीतरी भारी करून दाखवायचं होतं. मॉल आणि आऊटलेट आता पुण्यातही आहेत हो! नवरोबाच्या ऑफिसात एक साठीतले गृहस्थ आहेत, आपण त्यांना ट्रेलरवाले काका म्हणू. त्यांनी मोठ्या मनाने पिकअप आणि ट्रेलर दोन्ही चार दिवसांसाठी दिलं. एका रिकाम्या पार्किंगमध्ये नवरोबाची तासभर शिकवणी घेतली. वर एक जाडजूड कॅनव्हासची पिशवी दिली आणि म्हणाले, यातलं सगळं वापरा.

आम्ही त्यातलं निम्मंही वापरलं नाही. इथेच गाडी घसरली. शब्दशः.

हॉकिंग हिल्स स्टेट पार्क कोलंबसहून तासाभराच्या अंतरावर. ट्रेलर मागे असल्याने आम्हाला दुप्पट वेळ लागला. पोचलो तेव्हा अंधार पडलेला, पाऊस सुरू, पोटात कावळे. आमची जागा म्हणजे डांबराची एक पट्टी, रस्त्याकडे किंचित उतरती. तीनदा रिव्हर्स मारून नवरोबाने ट्रेलर आत घातला. चाकांना अडवायला चॉक लावायचे असतात (चॉक म्हणजे खडू नव्हे, रबराचे तिकोनी ठोकळे), ते मी घाईत टाकले. 'लावले' म्हणत नाहीये, टाकले. टायरपासून चांगले वीतभर लांब.

मग मी टॉर्च धरून ट्रेलर आणि पिकअप यांच्या मधे उभी राहिले. नवरोबाने पुढचा जॅक फिरवून ट्रेलरचं नाक पिकअपच्या गोळ्यावरून उचललं मात्र, आणि तीन टनांचं ते धूड गपकन माझ्या दिशेने सरकलं. वीतभरच. मग चाकं चॉकला टेकली आणि थांबलं. नाकाचं लोखंड माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आईबाबा पिकअपमध्ये बसले होते, त्यांना काही कळलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. (आई, हा अंक हातात पडला तर सॉरी गं.)

हातपाय थरथरत असताना माणूस बाकीची कामं कशी उरकतो, ते तुम्हाला माहीत आहे. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार जॅक असतात, ते खाली सोडले. मागचा डावा नेमका डांबराबाहेर, ओल्या मातीत. तो रुतत चालला म्हणून नवरोबाने बाकीचे तीन दणकून आवळले. मागचा उजवा तर इतका, की ट्रेलरचं दार नीट लागेना. लाथ मारून लावलं. खिचडी खाल्ली, झोपलो.

आणि मग ते रात्रीचे दोन.

आई पहाटेपर्यंत बसून होती. उजाडल्यावर तिने मला अगदी शांतपणे विचारलं, "लवकरचं तिकीट मिळेल का गं? कोलंबसला नको सोडूस, पुण्याला जाते मी." रडारड नाही, काही नाही. काउंटर बंद करताना बोलायची तसं. तिची अडचण हलण्याची नव्हतीच. हलतंय ते घर की आपलं डोकं, हेच तिला कळत नव्हतं. दोन वर्षांनी जेमतेम परत आलेला स्वतःवरचा भरवसा एका रात्रीत गेला होता.

"हँडब्रेक कुठंय?"

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाले. आयुष्य लाल डब्यांच्या पोटाखाली गेलं. रात्री पाऊस होता म्हणून गप्प होते. सकाळी उघडीप मिळाली तशी कानटोपी घालून बाहेर पडले आणि ट्रेलरला एक प्रदक्षिणा घालून आले. पहिला प्रश्न, "याचा हँडब्रेक कुठंय?"

नवरोबा म्हणाला, "बाबा, नसतो."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण खरंच नसतो! युरोपातल्या कॅरॅव्हॅनना हँडब्रेक असतो. अमेरिकेतल्या अशा ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांना हुकूम मिळतो पुढच्या गाडीतून. गाडी सोडवली की ब्रेकची ड्युटी संपली. ट्रेलर चालू प्रवासात निसटलाच तर ओढली जाणारी एक आणीबाणीची वायर असते, पण ती पार्किंगसाठी नाही. ती ओढून ठेवली तर बॅटरी संपेल आणि ब्रेकची वाट लागेल. म्हणजे गाडी सुटल्यावर त्या धुडाला धरून ठेवणारी एकच गोष्ट, चाकाखालचे ठोकळे. हे ऐकून माझ्या गुडघ्याला पुन्हा घाम फुटला.

दुसरं, बाबा म्हणाले, "तुम्ही लोक याला घर म्हणताय म्हणून फसताय. ही गाडी आहे. उभी असली तरी पाट्यांवर उभी आहे, जमिनीवर नाही."

पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग. एसटीच्या, ट्रकच्या खाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात ना, त्या. आमच्या ट्रेलरखालीही त्याच होत्या. रस्त्यावरचे खड्डे त्यांनी गिळायचे असतात, आणि ते काम त्या पार्किंगमध्येही इमानेइतबारे करत राहतात. त्याखाली हवा भरलेले चार टायर. म्हणजे उशीवर गादी आणि गादीवर आपण! कुणी कूस बदलली, की सगळ्यांना कळणारच.

मला वाटलं आता बाबा पान्हा मागतील आणि जॅक अजून आवळतील. पण नाही. "आधी काय हलतंय ते बघू, मग आवळायचं ते आवळू." त्यांनी स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरून टेबलावर ठेवला, आईला त्याच्याकडे बघत बसवलं, मला दारात उभं केलं आणि स्वतः बाहेर टायरशी उकिडवे बसले. नवरोबाला आज्ञा झाली, "तुम्ही आत चाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

नवरोबा चालला. पेल्यातलं पाणी पुढे-मागे सांडलं. बाहेर बाबांनी हाक मारली, "टायर फिरतोय बघ!" मी वाकून पाहिलं. खरंच, टायर बोटभर पुढे, बोटभर मागे. ठोकळ्यांच्या फटीत मजेत हिंदोळे घेत होता.

मग नवरोबा पलंगावर आडवा होऊन वळला. आता पाणी डाव्या-उजव्या अंगाने हललं. टायर फिरला नाही, फक्त त्याची कड दबली. मग मी दारातल्या पायरीवर उतरले. ही लोखंडी पायरी ट्रेलरलाच टांगलेली असते, तेव्हा आपलं सगळं वजन एका कडेवर. अख्खी बाजू बसली आणि उठली. वर-खाली.

म्हणजे हलणं एक नव्हतं, तीन होती. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली. आणि आम्ही रात्री तिन्हींवर एकच इलाज करत बसलो होतो, आवळा जॅक! कोपऱ्यातले जॅक वर-खाली होणं बरंचसं थांबवतात, कुशीवर डोलणंही थोडं कमी करतात. पण चाकंच पुढे-मागे फिरत असतील, तर जॅक काय करणार? ते चार बारीक पाय करकोच्यासारखे उभे, आणि वरचं धड त्यांच्यावर झुलतंय.

आई हे सगळं पेल्याकडे बघत ऐकत होती. एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नाही ना?"

"तू नाहीस," बाबा बाहेरून म्हणाले. "टायर."

पुन्हा श्रीगणेशा

मग आम्ही सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात केली. हे लिहायला सोपं आहे. करताना भयंकर कंटाळा येतो, विशेषतः चहा झालेला नसताना.

आधी सगळे ट्रेलरच्या बाहेर. पिकअप परत जोडला, मग जॅक वर घेतले. दार आपोआप नीट लागायला लागलं! तेव्हा कळलं, रात्री आम्ही एक कोपरा इतका उचलला होता की सांगाडाच किंचित पिळला गेला होता. या जॅकचं नावच 'स्टॅबिलायझर' आहे. त्यांनी धरून ठेवायचं असतं, उचलायचं नसतं. बाबांच्या डोक्यात वर्कशॉपची सवय, त्यांना चारी चाकं जमिनीवरून अधांतरी करायची होती. मी काकांच्या पिशवीतलं मॅन्युअल काढून त्यांच्यापुढे धरलं. चष्मा लावून वाचलं, मान हलवली. पटलं की पटलं.

मग लेव्हल. ट्रेलर डावीकडे चांगला दोन इंच कललेला होता आणि पुढच्या आडव्या पलंगावर आईची उशी नेमकी डावीकडेच. म्हणजे रात्रभर तिचं डोकं पायांपेक्षा खाली! ज्या बाईला दोन उशा लागतात, तिचं. डावी-उजवी लेव्हल करायची ती पिकअप जोडलेला असतानाच, हे काकांनी शिकवलं होतं, आम्ही विसरलो. पिशवीत मुलांच्या लेगोसारखे पिवळे प्लॅस्टिकचे ठोकळे होते. ते डाव्या चाकांपुढे रचले आणि नवरोबाने अलगद गाडी वर चढवली. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधे आला. (लेव्हलचं महत्त्व झोपेपुरतं नाही बरं का. गॅसवर चालणारे जुन्या पद्धतीचे ट्रेलर फ्रीज फार कललेले असले की थंडच होत नाहीत, आणि तसेच चालवत राहिलात तर कायमचे बिघडतात.)

मग चॉक. या वेळी बाबांनी ते दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, बूट मारून घट्ट बसवले. केसभरही फट नाही. त्यानंतरच नाक उचललं, आणि मला दहा फूट लांब उभं केलं. मी न सांगताही त्यांना कळलं होतं की काय, कोण जाणे.

आता बाबांनी केलेली युक्ती ऐका. ट्रेलरवाल्या लोकांत ही जुनीच आहे म्हणे, काकांनी नंतर फोनवर सांगितलं. पण बाबांना ती स्वतःहून सुचली, याचा मला कोण अभिमान! नाकाखालच्या जॅकने नाक आधी लेव्हलपेक्षा थोडं खाली घेतलं. साहजिकच शेपटी वर गेली. मग मागचे दोन जॅक खाली सोडून जमिनीला टेकवले, फार न आवळता. आणि मग नाक पुन्हा वर, लेव्हलला आणलं. शेपटी खाली आली ती थेट जॅकवर बसली. जोर न लावता वजन पायांवर आलं. मग पुढचे दोन जॅक टेकवून वर अर्धा आटा. बस्स.

जॅकखाली लाकडी फळ्या ठेवल्या. मातीत रुतू नये म्हणून तर झालंच, शिवाय फळी जितकी जाड तितका जॅक कमी उघडावा लागतो, आणि पाय जितका आखूड तितका घट्ट. लांब शिडी डगमगते, स्टूल डगमगत नाही, इतकं साधं.

आणि पिशवीच्या तळाशी ती वस्तू. फुलीच्या आकाराची, दोन्हीकडे दात असलेली, मधे बोल्ट. आदल्या रात्री ती बघून नवरोबा म्हणाला होता, जुन्या काळचं काहीतरी असेल, राहू दे. तिचं नाव एक्स-चॉक. आमच्या ट्रेलरला एका बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं होती. त्या दोन टायरच्या मधल्या फटीत ही फुली बसवायची आणि बोल्ट फिरवायचा. ती पसरते आणि दोन्ही टायरना एकमेकांविरुद्ध रेटून धरते. मागच्याला पुढे फिरायचंय? पुढचा आडवा. पुढच्याला मागे? मागचा आडवा. भाऊबंदकीचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही. दोन्ही बाजूंना एकेक बसवली. फक्त एक लक्षात ठेवा, ही चीज खालच्या ठोकळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही. शिवाय दिवसा टायर तापून फुगतात, रात्री थंडीत आकसतात, तेव्हा संध्याकाळी एकदा हात लावून बघायचं, सैल झाली तर आवळायची. एकच जोडी चाकं असलेल्या छोट्या ट्रेलरला ती बसतच नाही.

पायरीखाली बाबांनी जळणाच्या ढिगातला एक चौकोनी ओंडका आणि त्यावर फळी सरकवली. हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाखाली आपण पेपर नॅपकिनची घडी घालतो ना, तस्सं.

नवरोबा पुन्हा चालला. पेल्यातलं पाणी थरथरलं. सांडलं नाही.

उठतेय गं!

आता 'आणि मग सगळे शांत झोपले' असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण ट्रेलरचं हलणं शून्य होत नाही. पाटे तिथेच असतात, टायरमध्ये हवा असतेच. दुपारी वारा सुटला तेव्हा बाहेर ताणलेली कनात शिडासारखी फुगली आणि घर पुन्हा डोलायला लागलं. पळत जाऊन गुंडाळली. पण रात्रीच्या आणि आताच्या हलण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. आधी होडी होती, आता लाकडी माळा झाला. कुणी चाललं तर कळायचं, पण पायाला कळायचं, पोटाला नाही.

आईने मात्र तिकिटाचा विषय मागे घेतला नव्हता. संध्याकाळी ती म्हणाली, आज रात्र काढून बघते. आणि तिने स्वतःचे दोन नियम केले. एक, पाण्याचा पेला तिच्या उशाशी, शेजारी टॉर्च. दुसरा, रात्री जो उठेल त्याने सांगून उठायचं. "नुसतं 'उठतोय' म्हणा. मला कळलं की पुरे. न सांगता हललं की मग वाटतं, मलाच काहीतरी झालं."

त्या रात्री साडेबाराला नवरोबाचा खर्जातला आवाज, "आई, उठतोय हं." दीड वाजता बाबा, "उठलो बरं का." मी हसू दाबत पडले होते. तीनच्या सुमाराला पुढच्या बाजूला टॉर्च लागला. मी श्वास रोखला. प्रकाश पेल्यावर पडला, तिथे थोडा वेळ थांबला. पाणी काचेसारखं स्थिर. मग आईने मान एका बाजूला वळवली. थांबली. दुसऱ्या बाजूला वळवली. पुन्हा पेल्याकडे पाहिलं.

टॉर्च बंद झाला. थोड्या वेळाने बाबांच्या घोरण्यात तिचं घोरणं मिसळलं.

सकाळी मी जागी झाले ती आल्याच्या वासाने. आई गॅसपाशी उभी राहून चहा गाळत होती. एका हातात गाळणं, दुसऱ्या हातात पातेलं. दोन्ही हात कामात, म्हणजे ओट्याला धरलेला एकही नाही. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने धरला असता.

त्या दिवशी आम्ही ॲश केव्हला गेलो. खडकाच्या पोटात कोरलेली, घोड्याच्या नालासारखी प्रचंड कपार आहे ती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७०० फूट. पहिल्यांदा आलेल्या वस्तीकऱ्यांना तिथे राखेचे ढीग सापडले, म्हणून हे नाव. खालून जाणारा रस्ता पक्का, व्हीलचेअर जाईल असा. आई माझं कोपर न धरता चालली. कपारीखाली मान मागे टाकून वरच्या कडेवरून पडणारी पाण्याची बारीक धार बघत राहिली. मान मागे टाकून! बाबांनी मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं.

चौथ्या दिवशी निघायची वेळ. उतरवायचा क्रम उलटा असतो. आधी पिकअप जोडायचा, कडी-पिन लावायची, मग जॅक वर, आणि चाकाखालचे ठोकळे सगळ्यात शेवटी. जॅक खाली राहिला आणि गाडी निघाली तर तो वाकतो आणि त्याच्यासोबत बरंच काही. काकांनी हे बजावून सांगितलं होतं. आईने वाणसामानाच्या बिलामागे पेनने यादी केली होती आणि एकेक काम झालं की पुढे खूण करत होती. मूळची कॅशियर. टॅली झाल्याशिवाय काउंटर बंद होत नाही.

नवरोबा स्टिअरिंगवर, इंजिन चालू. बाबा माझ्या शेजारी हात झटकत उभे, ठोकळे पिशवीत टाकून झालेले. आईने हात वर केला.

"थांबा. ती मधली फुली काढली का?"

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी नवरोबाकडे. कुणीच काढली नव्हती. डाव्या बाजूचीही नाही, उजव्याही नाही. बाबा काही न बोलता पान्हा घेऊन वाकले. पहिली निघाली, दुसरी निघाली. आईने दोन खुणा केल्या, बिलाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, पिकअपपाशी आली आणि दार उघडायच्या आधी पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली.

डबल बेल.